गॉलबेरीचा खराटा

लुव्हिनिया पेटवे हॉस्पिटलमधून घरी आली, तर तिचं अंगण जाग्यावर नव्हतं.

जॉर्जियाच्या दक्षिणेला, पाइनच्या रानाला लागून तिचं घर. पुढे पांढरट, टणक मातीचं अंगण. त्यात गवताची काडी ती उगवू द्यायची नाही. दर शनिवारी झाडायची. खराट्याच्या रेघा उठायच्या. मग माणूस येवो की साप, माग दिसायचा. खराटा रानातल्या गॉलबेरीचा: फांद्या तोडायच्या, पानं ओरबाडायची, बुडाशी चिंधी आवळायची. झाडलेलं अंगण म्हणजे त्या वस्तीत बाईची अब्रू.

आता तिथे हिरवंगार गवत होतं. डेट्रॉइटहून आलेल्या मुलानं, डेल्मारनं, हिरवळीच्या वळकट्या आणून अंथरल्या होत्या.

"मम्मा, डॉक्टर म्हणालेत, वाकायचं नाही. झाडायची कटकटच मिटवली."

"आणि साप?"

"आता कसले साप! मातीचं अंगण बघून लोक गरीब समजतात."

"तुझे डेट्रॉइटचे समजत असतील. इथले म्हणतील, म्हातारीनं हात टेकले, दारात रान माजवलं."

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची क्रिसी ओरडलीच, "मिस लुव्हिनिया, गाय कधी आणताय?"

डेल्मारनं विषय बदलला. पायरीच्या दोन्ही बाजूंना त्यानं झुडपं लावली होती. "ही बघ, इंकबेरी. खास मागवली. बाराही महिने हिरवी राहते."

लुव्हिनियानं पान चुरगळलं, काळं फळ नखानं फोडलं. "अरे, ही गॉलबेरी! हिचेच फटके खाऊन वाढलास तू."

"रोपाच्या चिठ्ठीवर इंकबेरी लिहिलंय, मम्मा."

"लिहू दे की. उद्या ते गवत उचल."

त्यानं नुसते तळवे पुढे केले. फोड आले होते, काही फुटले होते. तिनं गवताचा विषय सोडला.

तो परत गेला. शनिवारी लुव्हिनिया पायरीवर बसली. बसल्या जागी हात पोचेल तेवढ्या त्या झुडपांच्या फांद्या तोडून तिनं खराटा बांधला. तोकडाच झाला. कठड्याला धरून उठली आणि गवतावरून ओढला. पाती वाकली, पुन्हा उभी राहिली. रेघ उठली नाही. तिनं आणखी जोर लावला, तशी कमरेत कळ आली.

ती खाली बसली. गवतात काहीतरी सळसळलं. काय ते दिसेना. तिनं खराटा मांडीवर घेतला आणि पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवले.