घरमालकांचा चुंबक आणि काकूंचा डबा

चुंबक लावून पाहिल्याशिवाय जगातल्या एकाही वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे चामराजपुरममधले आमचे घरमालक. नोकरी कारकुनाची, जीव विज्ञानात. खिशात दोऱ्याला बांधलेला चुंबक सदैव तयार. देवळात प्रसादाचं ताट समोर आलं की हे आधी ताट तपासणार, मग प्रसाद घेणार. पुण्याहून येऊन मी जागा विचारली, तेव्हा भाडं राहिलं बाजूला, त्यांनी मला धातूच ऐकवले. "नोडी, बघा, जग तीन तऱ्हेचं. लोखंड धावत येतं. अ‍ॅल्युमिनियम येतं, पण न कळेल इतकं. तांबं तितकंच मागे सरतं. तुम्ही अ‍ॅल्युमिनियम, अल्वा, हो ना?" मी निमूटपणे हो म्हणालो.

स्टीलबाबत त्यांचा कायदा एकच: चुंबक चिकटला की माल हलका. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी दिलेल्या कळशीला त्यांनी भर मांडवात चुंबक लावला. तो काठाला चिकटला. "हलकं स्टील!" हे त्यांनी मराठीत सांगितलं, मग कुणी वंचित राहू नये म्हणून कन्नडमध्येही. व्याह्यांनी बोलणंच टाकलं. घरी आल्यावर त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांच्यावर जेवणाचा डबा फेकला. हे खाली वाकले आणि डबा भिंतीवर आपटून त्याला पोचा पडला. काकू हे फार रंगवून सांगायच्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगी घरमालकांना हिनकलला, आपल्या सासरीच, न्यायला आली. "अप्पा, दोन पेट्याच. भांडी निवडा."

चिकटेल ते मोडीत, असं जाहीर करून ते बसले. काकूंच्या डब्यापाशी चुंबक किंचित सरकला आणि त्यांचा चेहरा उतरला. कायदा मोडावा, की डबा मोडीत घालावा? मला ते बघवेना. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. झाकणाला ओढ नाही, बुडाला नाही, फक्त पोच्यापाशी. ते तडक उठले, चुंबक न चिकटणाऱ्या एका अस्सल परातीवर दहा मिनिटं हातोडी चालवली आणि ठोकल्या जागी चुंबक धरला. तिथेही तो ओढला गेला.

"अय्यो! चांगलं स्टीलसुद्धा ठोकलं, वाकवलं की ओढतं! कळशीचा काठ वाकवलेलाच होता की हो!"

त्यांनी लगेच व्याह्यांना फोन लावून माफी मागितली. माफीत परातीचा प्रयोग सविस्तर आला, तरी पलीकडून "बन्नि, या राहायला," असंच उत्तर आलं.

निघताना डबा पेटीत नव्हता, रिक्षात त्यांच्या मांडीवर होता. पोच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "तिनं उत्तर तेव्हाच फेकून मारलं होतं. मीच वाकलो."

रिक्षा निघाली. मी, अ‍ॅल्युमिनियम, कोपऱ्यापर्यंत तिच्यामागे चालत गेलो.