मरोळची जेनिस ताल सोडत नाही

मरोळ गावठाणात जेनिस प्रसिद्ध आहे ती तिच्या तोंडामुळे. भांडणातही ती कुणाला हार जात नाही हे खरं, पण प्रसिद्धी त्याची नाही. ही मुलगी नुसत्या तोंडानं ढोल वाजवते, झांज वाजवते, मधूनच ताशाचा तडतडाटही काढते. पोरं याला बीटबॉक्सिंग म्हणतात. अंधेरीला एका दातांच्या दवाखान्यात ती डॉक्टरांची मदतनीस आहे, आणि दिवसभर मास्कच्या आड तिचा सराव चालतो. एकदा खुर्चीत आ वासून बसलेले काका कसेबसे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या मशीनमध्ये काहीतरी ठकठकतंय." डॉक्टरांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं. जेनिसनंही अगदी गंभीर चेहऱ्यानं पाहिलं.

ताल तिच्या घरातच आहे. तिचे पप्पा, रोझारिओ, गावठाणातल्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. आमच्या या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायची रीत आहे. नवरा-नवरीच्या आंघोळीसाठी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि भरलेले हंडे घेऊन मांडवात येतात. पप्पांचा नियम एकच. पाणी विहिरीवरून निघालं की मांडवात पोचेपर्यंत बँड थांबायचा नाही. वाटेत कुणी रुसो, कुणी भांडो, वाजवणाऱ्यानं वाजवायचं. एका लग्नात दोन्हीकडचे मामा रस्त्यातच एकमेकांच्या कॉलरला भिडले होते. रोझारिओ त्यांना वळसा घालून ढोल बडवत पुढे गेले, आणि मामांनाही भांडण सोडून मागून यावं लागलं. लहानगी जेनिस तेव्हा पप्पांच्या शर्टाचं टोक धरून चालत होती. तिनं तो नियम तिथेच उचलला.

समीक्षा तिला कॉलेजात भेटली. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली ही मुलगी रॅप करते, म्हणजे तालावर बोलते. आईच्या मासळीच्या पाटीबद्दल, किनाऱ्यावरच्या कचऱ्याबद्दल, नाक मुरडणाऱ्या सोसायटीवाल्यांबद्दल. बोलायला लागली की अंगावर काटा आणते. पण तिच्यात एक खोट आहे. भरून आलं की तिचा श्वास कमी पडतो. हे जगात एकट्या जेनिसला ठाऊक. समीक्षाचा डावा खांदा किंचित वर गेला की जेनिस मुख्य ठेका सोडून ताशाचा एक तडतडाट घालते, तेवढ्यात समीक्षा हवा भरून घेते, आणि लोकांना वाटतं, काय झकास जागा घेतली! असं जमायला नुसता सराव पुरत नाही, त्याला माया लागते.

या पोरांचा अड्डा म्हणजे सायफर. रविवारी दुपार कलली की जुहूच्या वाळूत सगळे गोल करून उभे राहतात. एक जण तोंडानं ताल धरतो, बाकीचे पाळीपाळीनं मध्ये येऊन बोलतात. बोलणाऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ताल तोडायचा नाही, हा तिथला कायदा. जेनिसला तो कुणी शिकवावा लागला नाही.

आणि मग वेन. साकीनाक्याला वडिलांच्या लेथच्या गाळ्यावर माळा आहे, तिथे त्यानं जुन्या गाद्या भिंतींना ठोकून रेकॉर्डिंगची खोली केली. जेवणाच्या सुट्टीत खालचं मशीन बंद झालं की ही मंडळी वर धावत. वेन कानाला हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "जेनिस, परत एकदा ना." त्या 'परत एकदा'पायी जेनिस पार वाहून गेली. तिनं हे फक्त समीक्षाला सांगितलं, वेसाव्याच्या जेट्टीवर पाय सोडून बसलेली असताना.

"मग सांगून टाक ना त्याला!" समीक्षा म्हणाली होती.

जेनिसनं सांगितलं नाही. एरवी कुणाला न ऐकणारी ही मुलगी तिथे मात्र गप्प बसली. आणि मधल्या काळात समीक्षाचं जेट्टीवर येणं कमी झालं, माळ्यावर जाणं वाढलं. जेनिसनं त्यावर विचारच केला नाही. मैत्रिणीवर कोण पाळत ठेवतं?

त्या रविवारी समीक्षा जुहूला आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. "नवीन लिहिलंय," ती म्हणाली. "काही झालं तरी ताल तोडू नको हां."

"कधी तोडलाय गं?" जेनिस हसली आणि ठेका धरला. वेन समोर फोनवर शूटिंग करत उभा होता. समीक्षा मध्ये आली.

"जेट्टीवर बसून तू एक नाव सांगितलंस,
मैत्रीण म्हणून विश्वासानं माझ्याकडं ठेवलंस,
ठेव तुझी होती गो, मीच ती चोरली,
तोंडावर सांगायची हिंमतच सरली."

गोलातल्या पोरांना वाटलं, भारी लिहिलंय. जेनिसला मात्र तिसऱ्याच ओळीला सगळं कळलं. समोर वेननं फोन बाजूला केला आणि मान खाली घातली, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. संताप आला, रडू आलं, आणि दोन्हींना बाहेर पडायला वाट नव्हती, कारण तोंडात ताल होता. समीक्षानं बरोबर तीच वेळ गाठली होती, जेव्हा जेनिसला उलट बोलता येणार नव्हतं.

ओठ मिटले असते तरी पुरे होतं. समीक्षा भर गोलात एकटी, उघडी पडली असती, आणि जेनिसला कुणी दोष दिला नसता. तेवढ्यात समीक्षाचा डावा खांदा वर गेला. श्वास संपला होता. शेवटच्या ओळी अजून बाकी होत्या, डोळे भरले होते, आणि ती जेनिसकडे बघतसुद्धा नव्हती. मागायची लाज वाटत असावी.

जेनिसनं तडतडाट घातला. नेहमीपेक्षा लांब घातला, भरपूर हवा घेता येईल असा. गाल भिजले होते, पण ठेका जागचा हलला नाही. समीक्षाचं बोलणं शेवटच्या शब्दापर्यंत नेऊन पोचवलं आणि मगच तिनं तोंड पुसलं. अभिमान वाटावा असं माणूस फार लांब शोधावं लागत नाही, ते असं आपल्याच गावठाणात निघतं.

टाळ्या पडल्या. जेनिस समीक्षासमोर जाऊन उभी राहिली. "माझं तोंड अडकलेलं असताना बोललीस होय गो? आता तू ताल धर. मी बोलते."

"मला कुठे येतं यार..."

"टाळ्या वाजव. पण थांबायचं नाही."

समीक्षानं टाळ्यांनी ताल धरला. ठेका इकडे पळत होता, तिकडे पळत होता. जेनिस आयुष्यात पहिल्यांदा गोलाच्या मध्ये आली.

"माणूस काय ठेव नसतो, चोरीला जायला,
त्याला पाय आहेत, त्याच्या मर्जीनं यायला.
लपवलंस ते लागलं गो, बाकी काही नाही,
तुझा श्वास ओळखते मी, मन कळलं नाही."

'बाकी काही नाही' ही थाप होती. वेनचंही दुखत होतं, पुढे बरेच दिवस दुखणार होतं. पण ते तिनं स्वतःपाशी ठेवलं, आणि तो तिचा हक्क होता.

तिचं बोलणं संपलं. समीक्षा मात्र टाळ्या वाजवतच राहिली. नाक वाहतंय, ठेका चुकतोय, तळवे लाल झालेत, तरी थांबायला तयार नाही. 'थांबायचं नाही' म्हणून जेनिसनं सांगितलं होतं ना. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जेनिसनं थोडा वेळ तिला तशीच वाजवू दिली. मग पुढे होऊन तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

"बस गो आता," ती म्हणाली. "पाणी मांडवात पोचलं."