कै. सौ. रमा स्मारकाची अट

वलगावच्या जयवंता नावाच्या बाईबद्दल लिहायचं, तर आधी माझ्याच थोबाडीत मारून घ्यायला हवी. मी केशवराव, अमरावतीचे वकील मोरोपंत यांचा कारकून. त्यांची सून रमा बाळंतरोगानं गेली, तेव्हा त्यांनी तिच्या नावानं शिष्यवृत्ती काढली. दरवर्षी एका बाईनं बायकांच्या दवाखान्यात दाईचा अभ्यास करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि खेड्यापाड्यांतल्या बाळंतिणी वाचवायच्या. मोरोपंतांचं भाषण फार सुंदर झालं. कागदावर नाव पडलं ‘कै. सौ. रमा स्मारक’, आणि त्या ‘सौ.’पायी अटही पडली, की विद्यार्थिनी सवाष्ण हवी. रमेच्या श्राद्धाला त्या विद्यार्थिनीची ओटी भरायची होती ना.

जयवंता माळ्याची. डोक्यावर वांगी-मेथीची पाटी घेऊन वलगावहून पायी येणारी, चौथी शिकलेली. सुईणीनं गंजक्या विळ्यानं नाळ कापली म्हणून तिच्या बहिणीची दोन्ही बाळं धनुर्वातानं गेली होती. म्हणून ही अभ्यासाला बसली, आणि अशी बसली की डॉक्टरीणबाई माझ्याजवळ तिचं कौतुक करायच्या. परीक्षा तीन महिन्यांवर आली आणि अकोल्याच्या बाजारात भाजी घेऊन गेलेला तिचा नवरा तिकडेच पटकीनं मेला.

तेरावं उरकून ती पांढऱ्या कपाळानं माझ्यापुढे उभी राहिली.

“केशवराव, आता माह्या अभ्यासाचं कसं?”

“अट ठाऊक आहे ना? सवाष्ण हवी.”

“तीनच महिने राह्यले. वकीलसायबाले सांगून पाहा ना.”

मला जेवायला उशीर होत होता. मी हसून म्हणालो, “तुमच्यात विधवेचा पाट लागतो की, दुसरं लग्न. लाव पाट, हो सवाष्ण.”

मी थट्टा केली होती. वकिलाच्या ओसरीवरून आलेला शब्द तिला कायदाच वाटणार, हे मला कळायला हवं होतं. महिनाभरात तिनं दिराशी पाट लावला. गोवर्धन त्याचं नाव. दारूत बुडालेला आणि मारकुटा. त्याला सारं गाव ओळखून होतं, तीही ओळखून होती.

श्राद्धाच्या दिवशी ती हिरव्या बांगड्या भरून, कपाळभर कुंकू लावून ओटीला आली. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. परीक्षेला पंधरा दिवस उरले होते. मोरोपंतांच्या बायकोनं नारळ उचलला, तेवढ्यात मोरोपंतांनी मला विचारलं, “हिचा नवरा गेला ना?”

“पाट लावला तिनं,” मी म्हणालो.

त्यांनी नारळ परत ताटात ठेवायला लावला.

“पाटाच्या बाईला सवाष्ण धरत नाहीत, केशवराव. एवढं कळत नाही तुम्हाला?”

तिचं नाव त्याच दिवशी कमी झालं. पाट लाव असं मीच तिला म्हणालो होतो, हे तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही. नोकरी प्यारी होती. त्या वर्षीच्या अहवालात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘यंदा लायक विद्यार्थिनी मिळाली नाही.’

संध्याकाळी मी घरी निघालो, तर ती फाटकापाशी थांबली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

“तुमी म्हटलं म्हून कुंकू लावलं, केशवराव,” ती म्हणाली. “आता हे पुसू कसं? तो तर जित्ता हाय.”