टेकोड्यांची जागा

जगातल्या एकाही कंपनीला ज्याचा ठावठिकाणा लागलेला नाही असा माणूस पाहायचा असेल, तर पोंभुर्ण्याला आमच्या साडूंकडे जा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पत्ता मी देणार नाही. एकदा दिला होता, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. पण बसमधून उतरून कोणालाही विचारा. तो आधी तुम्ही कोण, कुठले, काय काम काढलं, हे सगळं विचारून घेईल आणि मग थेट त्यांच्या अंगणात आणून सोडील. चंद्रपुरात मी ज्या कॉलनीत सतरा वर्षं राहतो, तिथे माझं घर फक्त पार्सलवाल्यांना माहीत आहे. तेव्हा आधीच कबूल करून टाकतो, की या माणसाचा मला हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत वाटतो.

एकदा पायजमा घ्यायला ते चंद्रपूरला आले होते. दुकानातल्या पोरीनं सवयीनं विचारलं, "काका, मोबाईल नंबर?" साडूंनी तिच्याकडे पाहिलं, पायजम्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पायजमा मले घालाचा हाय का मोबाईलले?" पोरगी म्हणाली, नंबर दिला तर सूट मिळते. "सूट नाई पायजे, बाई. पायजमाच दे." सगळं दुकान हसलं, ती पोरगीही हसली. मी मात्र त्याच दुकानात दोन रुमालांसाठी नंबर, वाढदिवस आणि लग्नाचा वाढदिवस असं सगळं लिहून दिलेलं होतं. तेव्हापासून माझ्या वाढदिवसाला पहिल्या शुभेच्छा त्या दुकानाच्या येतात. बायकोच्या येतात दुपारी, आठवण करून दिल्यावर. साडूंचा वाढदिवस खुद्द साळीबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ठाऊक नाही. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी एक जून लिहिलाय, आणि साडू म्हणतात की तो गुरुजींचा असेल.

त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि तो तांदळाच्या डब्यात राहतो. वाजला तर डबा वाजतो. त्या वेळी साडू मोकळे असतील तर झाकण उघडतात, नसतील तर नाही. आमच्यासारख्यांचे फोन घरात आले की ते त्यांच्यावर कोंबडीची टोपली पालथी घालतात. "कान असते त्याले," म्हणतात. मी शिकलेला माणूस, मी समजावलं की असं काही नसतं. तर त्यांनी टोपली उचलली, माझ्या फोनजवळ तोंड नेलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्या साडभाऊले म्हैस घ्याची हाय! मुऱ्हा!" पुढे महिनाभर माझ्या फोनवर सरकीची ढेप, दावी आणि दूध काढायच्या यंत्रांच्या जाहिराती येत राहिल्या. कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहतो हो मी! खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी येताना, मुऱ्हा म्हैस किती दूध देते हे मी बसमध्ये शोधून पाहिलं होतं. पण हे साडूंना अजून सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

बायकोचं तर काय सांगावं! "भाऊजीचं पाहा, कसे निवांत असते," हे वाक्य आमच्या घरात मीठ-मसाल्यासारखं रोज लागतं. एका दिवाळीला तिनं त्यांच्यासाठी ऑनलाइन सदरा मागवला. पार्सलवाला चुकू नये म्हणून मी नकाशावर त्यांच्या घराची जागा टाकली, वर अंगणातल्या जांभळाच्या झाडाचा फोटो जोडला. पोरगा कोणालाही काही न विचारता थेट दारात उभा राहिला. साडूंना तो अपमान वाटला. गावात येऊन कोणाशी एक शब्द न बोलता आपल्या दाराशी पोचणारा माणूस त्यांनी तोवर पाहिला नव्हता.

"तुले माहं घर कोनं सांगतलं?"

"नकाशानं, काका."

"आन् नकाशाले कोनं सांगतलं?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. साडूंनी त्याला चहा पाजला, पार्सलवरची नावाची चिठ्ठी पात्यानं खरवडून चुलीत घातली, आणि सदरा मात्र आवडीनं अजून घालतात. नकाशाला कोणी सांगितलं हे त्यांना कळलं असावं, कारण पुढच्या भेटीत त्यांनी माझ्या फोनवर एक सोडून दोन टोपल्या घातल्या.

आता टेकोड्यांची गोष्ट. आषाढात रानात वारुळांच्या अंगाला ज्या अळंब्या उगवतात त्यांना आमच्याकडे टेकोडे म्हणतात. त्यांच्या भाजीपुढे मटण फिकं. प्रत्येक घराची एखादी ठरलेली जागा असते आणि ती कोणी कोणाला सांगत नाही. बाप मुलाला दाखवतो तीही मुलगा शहाणा झाल्यावर. पहाटे निघायचं ते उलट्या दिशेनं. येताना टोपलीत टेकोडे खाली आणि वर पळसाची पानं. वाटेत कोणी विचारलंच, "कुठी गेल्ते?" तर म्हणायचं, "वावराकडं." विचारणाऱ्याला हे खोटं आहे हे ठाऊक असतं, कारण उद्या त्यालाही हेच सांगायचं असतं. म्हणून तो पुढे विचारत नाही. गावात यालाच रीत म्हणतात.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात साडूंनी मला विचारलं, "येता का साडभाऊ?" सख्ख्या भावाला त्यांनी जागा दाखवलेली नव्हती. मी हरखून गेलो. तासभर चाललो. वाघाच्या पंजांचे ठसे चिखलात दिसले तेव्हा साडू म्हणाले, "तो बी वावराकडंच गेला असन." मग एका मोहाच्या झाडामागे वारूळ लागलं आणि त्याच्याभोवती पांढऱ्या छत्र्याच छत्र्या. साडूंनी मिटलेले कोंब सोडले, उघडलेले तेवढे वळवून काढले, वारुळाला धक्का लावला नाही. मी एक फोटो काढला. फक्त टेकोड्यांचा. साडू त्यात नव्हते, वाट नव्हती, मोहसुद्धा नव्हता. घरी येऊन मी तो टाकला आणि लिहिलं, 'रानमेवा!' जागेचं नाव मी लिहिलं नाही, आईशपथ. एवढी अक्कल मला होती. दोनशे जणांना फोटो आवडला. इतक्या लोकांनी माझं कौतुक एकाच दिवशी कधी केलं नव्हतं आणि त्या रात्री मला साडूंचा हेवा अजिबात वाटला नाही.

आठवड्यानं फोन आला. तांदळाच्या डब्यातून फोन बाहेर काढून साडूंनी स्वतःहून कोणाला लावल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"साडभाऊ, तुमी कोनाले सांगतलं का?"

"कोणालाच नाही, भाऊ!"

"फटफट्या घेऊन आले होते लोकं. वारूळ फोडलं. काड्या घालून घालून कोंबं बी उपसले." मग म्हणाले, "मोहाची फांदी बी तोडली, गाड्या ठेवाले."

मी रागानं लोकांना शिव्या दिल्या. संध्याकाळी बायकोनं माझा तो फोटो उघडून माझ्यासमोर धरला. 'रानमेवा'च्या खाली बारीक निळ्या अक्षरांत जागा लिहिलेली होती, आणि त्यावर बोट ठेवलं की नकाशा उघडत होता. तशी परवानगी मीच कधीतरी, कुठल्याशा खेळासाठी की रुमालासाठी, देऊन बसलो होतो. मी पोंभुर्ण्याला गेलो, अंगणात उभा राहिलो आणि झालं ते सांगितलं. साडूंनी सुपारी कातरायचं थांबवलं. "तुमी नाई सांगतलं," म्हणाले, "तुमच्या खिशानं सांगतलं." मग नेहमीसारखं जेवायला वाढलं. ते रागावले असते तर मी माफी तरी मागितली असती.

फोटो काढून टाकला. वारूळ काही परत आलं नाही. गेल्या वर्षी साडूंनी मला बोलावलं नाही. मीही विचारलं नाही.

यंदा आषाढात बायको एका पहाटे बहिणीकडे म्हणून पोंभुर्ण्याला गेली. आमच्या दोघांच्या फोनवर मी एक सोय करून ठेवली आहे, कोण कुठे आहे ते ठिपक्यानं कळतं. काळजीपोटीच केली, पण दिवसातून दहादा पाहतो हेही खरं. त्या दिवशी दुपारी पाहिलं तर तिचा ठिपका आमच्याच घरात. मी हॉलमध्ये, माझ्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून तिचा. हाक मारली. स्वयंपाकघरात गेलो. तिच्या फोनवर रिंग दिली, तर तांदळाचा डबा वाजला.

संध्याकाळी आली. साडीला काट्यांचे ओरखडे, पायांना पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि चेहरा असा की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात तो मी शेवटचा पाहिला असेल. हातात टोपली, वर पळसाची पानं. म्हणजे साडूंनी नवी जागा शोधली होती आणि या घरातलं एक माणूस तिथे न्यायला त्यांना लायक वाटलं होतं. मला साडूंचा हेवा वाटला, तिचा वाटला, त्या वारुळाचासुद्धा वाटला. जिथे ती एवढी हसली असेल अशी एक जागा आता जगात होती, आणि ती माझ्या कुठल्याच नकाशावर नव्हती.

"कुठी गेल्ती?" मी विचारलं.

तिनं पानं बाजूला सारली, एक उमललेला टेकोडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताईच्या वावराकडं."

मी पुढे विचारलं नाही.