आमच्या दुकानातली हिरवी साडी

आईनं ओल्या टॉवेलनं अक्काच्या कपाळावरचं कुंकू पुसलं, त्या क्षणी माझं घर संपलं.

अक्का गेलेली होती. तरी पुसलं.

आज वर्ष झालं.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पा अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि आमच्या स्वयंपाकघरातच राहिली.

चैत्रातलं हळदीकुंकू असलं की हॉल भरून बायका. आत वाटली डाळ करायला एकटी अक्का.
बाहेर यायचं नाही.

पन्नाशी उलटल्यावर तिनं लग्न केलं. रजिस्टर. रायापूरचे शंकरअण्णा, रिटायर्ड मास्तर, बायको वारलेली, कानडी माणूस.
आमच्या घरानं तिचं नाव टाकलं.

मी जायचो. दीपाच्या घरून लग्नाला नकार आला, मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, तेव्हा आमची दुर्गदबैलची अख्खी बाजारपेठ मला हसली. अक्का म्हणाली, "रड की. पण आधी जेव."

एकदा विचारलं, "सुखी आहेस का गं?"
"दुपारी झोपते रे मी. कुणी हाक मारत नाही."

एवढंच.
आमच्याकडे तिला तेवढंही मिळालं नव्हतं.

तिनं स्वतःच्या घरी पहिलं हळदीकुंकू केलं. आमच्यातली एकही बाई गेली नाही. मी गेलो! शेजारणींच्या घोळक्यात मी एकटा बाप्या, आणि पन्हं वाटणारे शंकरअण्णा.
अक्काच्या कपाळावर हे एवढं कुंकू.
"मोठं झालं का रे?"
"झालंय."
"असू दे."

मग हळूच म्हणाली, "ह्यांच्या आधी गेले तर मला हिरव्या साडीत न्या. आपल्याच दुकानातली हं."

मला असल्या रीतींचं काही पडलेलं नाही.
तिला होतं. विषय संपला.

ती हॉस्पिटलातच वारली. अप्पा तिथं येऊन रडले, "शेवटचं एकदा माहेरी नेऊ द्या." शंकरअण्णांनी तिला कुंकू लावलं आणि हो म्हणाले. भला माणूस. आमच्यावर विश्वास ठेवला.

घरी आणल्या आणल्या आईनं ते पुसलं. आणि पांढरं कापड काढलं.

मी ओरडलो, "तिचा नवरा दारात उभा आहे!"
अप्पा म्हणाले, "तिचा नवरा कधीच गेला. हा कोण?"
आई म्हणाली, "सुम्न कुंद्र! गप्प बस, लोक बघतायत."
"एका पोरीपायी कॉलेज सोडलंस, आणि आम्हाला रीत शिकवतोस?" पुन्हा अप्पा.

रीत!
आमचं साड्यांचं दुकान आहे. कुणाकडची सवाष्ण गेली की हिरवी साडी आमच्याकडून जाते. अप्पा जेवणावरून उठून शटर उघडतात. परक्यांसाठी.
सख्ख्या बहिणीला नाही दिली.

काकांनी मला धरून मागच्या खोलीत कोंडलं. खिडकीतून शंकरअण्णा दिसत होते. गेटपाशी उभे, रुमालात हिरव्या बांगड्या. मलाच म्हणाले, "इरली बिडप्पा." असू दे बाळा.

नाही असू देणार, अण्णा.

आज वर्षश्राद्ध. ज्या हॉलमध्ये तिला येऊ दिलं नाही, तिथं तिच्या फोटोला हार. मोकळ्या कपाळाचा जुना फोटो. खाली पहिल्या नवऱ्याचं आडनाव.
पानात वाटली डाळ. आई पाहुण्यांना सांगत होती, "आमच्या अक्काला फार आवडायची."
आवडायची? करायला लावायचात तुम्ही.
किळस येते या घराची.

अक्का, साडी वर्षभर उशिरा आणतोय. रागावू नकोस. सकाळीच दुकानातून घेतली, तुझ्या आवडीच्या काठाची. तुझ्या घरातल्या फोटोत कुंकू आहे, त्याच्यापुढं ठेवतो.

पिशवी घेतली, चपला घातल्या.
"अरे, नैवेद्य दाखवायचाय. कुठं निघालास?" आईनं विचारलं.
"रायापूरला. सौभाग्यवती अक्काकडं."

आणि दार ओढून घेतलं.