दुरुस्तीची दोन वाक्यं

कल्याणच्या आमच्या कॉलेजचं संशोधनाचं ई-जर्नल मी सांभाळते. खडूस म्हणून माझी ख्याती आहे. कुठून उचललेला मजकूर दिसला की लेख सरळ परत. हे वेड लावलं डोंबिवलीच्या माझ्या सरांनी. माझा प्रबंध त्यांनी तीनदा लाल शाईने रंगवून परत पाठवलेला.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे लेख मागितला. ऐंशी उलटलेल्या सरांनी कळवा-कोलशेतच्या जुन्या मिठागरांवरचा लेख हाताने लिहून दिला. ओळी एकमेकींवर चढलेल्या. मी चरफडत टाइप केला आणि प्रूफ तपासायला त्यांच्या घरी पोचवलं. तासाभरात फोन, "उत्तम. छाप." एकही खूण नाही! मी आठवडाभर हवेत होते.

लेख साइटवर गेला आणि महिन्याने माझ्या लक्षात आलं, की कोष्टकात कळव्याचे आकडे कोलशेतखाली आणि कोलशेतचे कळव्याखाली गेलेत. फाइल बदलणं दोन मिनिटांचं काम. तरी सरांना विचारायला गेले.

"गुपचूप बदलायचं नाही," सर म्हणाले. "दुरुस्ती छाप."

"सर, हात दाखवून अवलक्षण कशाला? आपलं जर्नल वाचतात चार लोक."

"त्या चौघांनी जुनी फाइल उतरवून घेतली असेल, त्यांचं काय? आणि लिही, लेखकाची चूक."

"तुमची कशी? टाइप मी केलं."

"प्रूफ मी पाहिलं होतं ना!"

"पाहिलं असतंत तर दिसलं नसतं होय?" मी फटकन बोलून गेले. जिभेला हाड नाही माझ्या.

सरांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "नाही गं दिसत आता. अक्षरं सगळी पुसट झालीत. सांगितलं असतं, तर तू पुन्हा लेख मागितला नसतास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांना लपवावं लागलं, तेही माझ्यापासून! तिथेच बसून मोबाइलवर दुरुस्ती लिहिली आणि वाचून दाखवली: "कोष्टकातले आकडे टाइप करताना संपादकाकडून उलटसुलट झाले. लेखकाला प्रूफ वाचून दाखवायला हवं होतं, ते संपादकाने केलं नाही."

दुसरं वाक्य सरांनी पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

सरांनी चाचपडत माझा हात धरला. "मग पुढच्या अंकाला घेशील ना माझा लेख? मी सांगेन, तू लिही."