मनगटावरचा काळा दोरा

तारण विश्वासानं मिळतं, कर्मानं नाही, असं चर्चच्या पाळकबाबांनी शिकवलं. त्यांच्या शब्दावर आम्ही नवराबायकोनं घरातले देव तापीत सोडले. बाप्तिस्म्याला पाण्यात ती माझ्याआधी उतरली.

पुढं ती तापानं बेशुद्ध पडली, तेव्हा माझ्या बहिणीनं भगत आणून तिच्या मनगटाला काळा दोरा बांधला. तिला बिचारीला कळलंसुद्धा नाही. त्याच तापात ती गेली. पाळकबाबा दोरा बघून म्हणाले, "ही मागं फिरली. आपल्या कबरस्थानात हिला जागा नाही."

मी म्हटलं, "बाबा, कर्मानं तारण मिळत नाही ना? मग दोऱ्यानं जातं कसं?"

तरी त्यांनी जागा दिली नाही.

मी तिला शेताच्या बांधाजवळ पुरलं, दोऱ्यासकट. प्रार्थना अजून करतो, पण तिथं बसून. चर्चात परत पाय ठेवला नाही.